गिळलेला सूर

माझ्या साडूला सासरी सगळे ‘रेडिओ’ म्हणतात, आणि हे नाव तो रेडिओवर जायच्या आधीपासूनचं आहे. तेव्हा तो फरश्या विकायचा. न्हाणीघराच्या फरशीबद्दल असा काही बोलायचा की ऐकणाऱ्याला आपलं न्हाणीघर म्हणजे दरबार वाटावा. पुढे कुणीतरी त्याला खरंच माइकसमोर बसवलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी अर्धा तास तो गाणी, सिनेमे आणि पुस्तकं यांवर गप्पा मारतो. मनात येईल ते बोलतो, असं तोच सांगतो. कुणाच्या मनात, ते सांगत नाही.

मी चष्मे करतो. दुकानात मागच्या खोलीत डोळे तपासायचं यंत्र आहे. गिऱ्हाईक त्यावर हनुवटी टेकवून बसलं की पळून जाऊ शकत नाही. मी काचा बदलत विचारत राहतो, “हे बरं की मघाचं?” आणि मधल्या वेळात माझी मतं सांगतो. जॅझ ऐकून ऐकून मला मतं फार झाली आहेत. ट्रम्पेट वाजवणारे थोरल्या भावासारखे असतात, आल्या आल्या सगळ्यांना गप्प करतात. सॅक्सोफोनवाले मधल्या भावासारखे, कुरकुर करता करता खरं बोलून जातात. सिनेमात जेवणाचा प्रसंग असला आणि ताट शेवटपर्यंत भरलेलंच राहिलं, तर तो दिग्दर्शक बाकीच्या गोष्टींतही थापा मारत असणार. कादंबरीची शेवटची वीस पानं लेखक वाचकाला घाबरून लिहितो, ती न वाचलेली बरी.

हीच मतं घरी जेवताना मी बायकोला सांगतो. तिकडून उत्तर येतं, “हं. मीठ सरकवा जरा.”

तर या उन्हाळ्यातल्या एका रविवारी बायको रेडिओ लावून कांदा चिरत होती आणि साडू सांगत होता की सिनेमात ताट रिकामं झालं पाहिजे. बायको हसली. सुरी खाली ठेवून हसली. मी दारात उभा होतो. माझं वाक्य, माझंच ताट, आणि हसू मात्र त्याला. पुढच्या रविवारी त्यानं थोरला भाऊ आणि मधला भाऊ आणले. त्याच्या पुढच्या रविवारी शेवटची वीस पानं. बायको दर वेळी हसत होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

मला जगाकडून काही नको होतं. बायकोनं एकदा मान वर करून म्हणावं, अहो, हे तर तुमचं, एवढंच हवं होतं. ते काही ती म्हणेना. आपण होऊन सांगायला मला लाज वाटत होती. आपली मतं चोरीला गेली अशी तक्रार माणूस कोणत्या तोंडानं करणार?

चोरी कशी झाली याचा मी बराच शोध घेतला. साडू गेल्या वर्षी वाचायचा चष्मा करून घ्यायला आला होता, तेव्हा वीसएक मिनिटं माझ्या यंत्रावर हनुवटी टेकवून होता. डोळे माझ्याकडे होते, कान कुठे होते ते मी पाहिलं नाही. तेवढ्यात त्यानं सगळं लुटलं असणार, असं मी धरून चाललो.

एक गोष्ट मात्र त्यानं अजून काढली नव्हती. माझ्याकडे एका सॅक्सोफोनवाल्याची रेकॉर्ड आहे, लग्नाच्या वर्षी घेतलेली. तिच्या दुसऱ्या बाजूला तिसरी चीज आहे. तो माणूस सूर वर वर नेतो, आता पूर्ण करणार असं वाटतं, आणि तिथे तो सूर गिळून टाकतो. त्याच क्षणी ड्रमवाला काठीनं एकच ठोका देतो, टक, आणि सगळे एकदम पुढे निघून जातात. बावीस वर्षं मी सांगत आलोय की म्हणायचं होतं ते न म्हणता निघून जाण्याची एवढी हिंमत कुठल्याच लेखकात नाही. माझ्या सगळ्या मतांतलं हे सगळ्यात चांगलं मत. हे गेलं असतं तर माझ्याजवळ काही उरलं नसतं.

साडूच्या कार्यक्रमाचा शंभरावा भाग वाचनालयाच्या सभागृहात, लोकांसमोर होता. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. साडू नवा शर्ट घालून आला, मला “साडूभाऊ, तुम्ही आलात, बरं वाटलं” म्हणाला, आणि दहा मिनिटांत त्यानं त्या सॅक्सोफोनवाल्याचं नाव घेतलं. मग गिळलेला सूर. मग काठीचा ठोका. न म्हणता निघून जाण्याची हिंमत. शब्दसुद्धा बदलले नव्हते. सूर गिळायचा त्यानं आणि मूग गिळायचे मी, असं किती दिवस चालणार? मी ठरवलं, चीज संपली की उठायचं आणि चारचौघांत सांगायचं की हे माझं आहे.

साडूनं वाचनालयातली तीच रेकॉर्ड लावली. सूर वर गेला, आणखी वर गेला. मी खुर्चीच्या कडेवर आलो. आणि त्या माणसानं तो सूर पूर्ण केला. सावकाश, गोल, नीट पूर्ण केला. टक वगैरे काही नाही. ड्रमवाला मागे गुपचूप आपलं काम करत होता.

साडूनं लोकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. त्यानं माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान खाली घातली.

मग तो हसला आणि म्हणाला, मंडळी, म्हणजे मी आजवर न वाजलेल्या सुराच्या प्रेमात होतो. लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या. मी तसाच बसून राहिलो. आता उठून काय सांगणार, की ही चूक माझी आहे? माझी चूकसुद्धा त्याच्या नावावर गेली आणि ती त्याला शोभून दिसली. इतका मी आयुष्यात कुणावर जळलो नव्हतो.

आम्ही घरी आलो. बायकोनं पर्स टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. रोज दुपारी ती बहिणीला फोन करते. मी आदल्या दिवशी काय काय बोललो ते सांगते, दोघी हसतात. बहीण ते संध्याकाळी नवऱ्याला सांगते. तो ते रेडिओवर बोलतो, आणि बोलायच्या आधी माझ्या बायकोला विचारून घेतो.

“आणि माझ्यासमोर कधी हसली नाहीस,” मी म्हणालो.

“मी हसले की तुम्ही तेच परत सांगता. तीनदा सांगता. मग मजा जाते.”

हे खरं असल्यामुळे मला आणखी राग आला.

“रेडिओवर ऐकताना वाटतं, बघा, आमच्याकडचं आहे,” ती म्हणाली. “म्हणून हसते.”

मग तिनं अंगठी फिरवली, फिरवतच राहिली. रेकॉर्ड घरी आली त्या दुपारी, मी दुकानात असताना, बायकोनं ती पाकिटातून काढून बघितली, तेव्हा तिच्यावर अंगठीचा ओरखडा पडला होता. लग्नाला दोन महिने झाले होते. संध्याकाळी मी येईन आणि चिडेन म्हणून ती स्वयंपाकघरात लपून उभी होती. मी आल्या आल्या रेकॉर्ड लावली, ओरखड्यावर सुई उडाली, टक झालं, आणि मी ओरडत आत आलो की ऐकलंस, सूर गिळला त्यानं.

“तुम्ही इतके खूश होतात,” ती म्हणाली. “कसं सांगणार?”

मी रेकॉर्ड लावली, दुसरी बाजू, तिसरी चीज. खरं तर ओरखडा बोटानं चाचपून रागवायचं होतं. बायको दोरीवरचे कपडे आणून घड्या घालत होती, पाठ माझ्याकडे होती. सूर वर गेला, आणखी वर गेला. सुई उडायच्या किंचित आधी बायकोचा हात घडीवर थांबला आणि तिनं जिभेनं बरोबर ठोका दिला. टक. दोन्ही एकदम.

बावीस वर्षं मी एकटा ऐकतोय असं समजत होतो.

रेकॉर्ड संपली. बायको वळली, माझा दुकानातला आवाज काढून तिनं विचारलं, “हे बरं की मघाचं?”

“हे,” मी म्हणालो.