सरांनी मोकळा सोडलेला प्रसंग

हेडफोनच्या गादीचा काळा पापुद्रा नीलिमाच्या बोटाला चिकटला होता, आणि तो झटकायचा सोडून ती नुसती त्याच्याकडे बघत बसली होती—कारण कानात अजून तिची स्वतःची सारंगी वाजत होती, आणि ती चांगली होती. वाईट असती तर प्रश्नच मिटला असता.

सकाळी दिग्दर्शक परागचा फोन आला होता. "मॅडम, तो मासे साफ करण्याचा सीन एकदम रिकामा जातोय यार. नवऱ्याचं दिवसकार्य उरकलंय, बाई पहिल्यांदा विळीवर बसतेय, आणि म्युझिकच नाही? लोक मोबाइल काढतील. सरांना विचारलं तर म्हणाले, राहू दे. तुम्हीच टाका ना काहीतरी, उद्या फायनल मिक्स आहे." मग आवाज उतरवून, "सर थकलेत का हो?"

थकलेत का... हे गेले काही महिने तीही मनातल्या मनात, चोरून, विचारत होतीच. गुणवंत सर हल्ली फार वेळा म्हणायचे, राहू दे. इथे नको, तिथे नको. ज्यांच्याकडे ती गिरगावातली, रीतसर गाणं शिकलेली मुलगी एका सिनेमापुरती मदतीला म्हणून मीरा रोडच्या या मागच्या खोलीत आली आणि इथलीच होऊन बसली, ते हे सर. मिठागरावर राबणाऱ्या घरातला पोरगा, भाईंदरच्या लग्नांत बेंजो वाजवायचा. पुढे व्हायोलिन, दुसऱ्यांच्या सिनेमांत मागच्या रांगेत बसून वाजवणं, आणि मग हे पार्श्वसंगीत—ज्याच्या नावाची पाटी पडद्यावर येते तेव्हा लोक पायाने चपला चाचपत असतात. सत्कार गाणी करणाऱ्यांचे होतात. सरांच्या सुरांवर माणसं रडतात आणि आपण कशाने रडलो हे त्यांना कळतही नाही! असा माणूस लाखात एक, हे तिला पहिल्या दिवशी वाटलं होतं आणि नंतरही रोज वाटत आलं होतं. पोटावर हात ठेवून ते पडद्यासमोर बसायचे, नटीबरोबर श्वास घ्यायचे, आणि तिने श्वास सोडला की मगच सूर धरायला सांगायचे. "आधी धरलास तर वाजवणारा रडतो, बाई न्हाय रडत." त्या मासे साफ करण्याच्या सीनवर तिने आज घातलेली सारंगी बरोबर श्वासानंतर आली होती. त्यांच्याचकडून शिकलेली.

दुपारी सर काशीगावहून, बहिणीकडून, जेवून आले. नीलिमाने लपवलं नाही. ते तिला जमलंच नसतं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"कुणी केलं?"

"मी. परागने सांगितलं म्हणून..."

"अगो, मस्त झालंय!" ते खरंच खूश झाले होते, हाच तर वांधा होता. "पाठव त्याला."

"पण तुम्ही ते मोकळं का सोडलं होतं, सर?"

"तुला बरं वाटतंय ना? मग पाठव." आणि ते चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेले.

पाठवायच्या आधी सारंगी बंद करून तिने प्रसंग एकदा तसाच लावला. खवल्यांची खरखर. नळ. विळीवरून हात खाली येतो, वर जातो... आणि काहीतरी कमी आहे, संगीत नव्हे, दुसरंच काही. तिने मागचा प्रसंग लावला, नवरा असतानाचा. त्याच्याही मागचा. ही बाई विळीवर बसली की प्रत्येक वेळी सरांनी वाद्यांचा आवाज खाली आणलेला—"बांगड्या वाजू देत, बांगड्या," म्हणून किती पिडलं होतं त्यांनी, आणि ती मनात म्हणाली होती, म्हाताऱ्याचं आपलं काहीतरीच. आता विळी तीच, हात तेच, बांगड्या नाहीत. अख्खा सिनेमाभर त्यांनी प्रेक्षकाच्या कानाला तो आवाज लावून ठेवला होता, या एका जागेसाठी. बँड वाजतो तोवर वरातीत कुणी ढुंकून बघत नाही, थांबला की सगळ्या माना वळतात, असं ते सांगायचे आणि सगळे हसायचे. सारंगी आली की ते नसणं कुणालाच ऐकू जाणार नव्हतं.

तिला वाटलं, उठावं, आत जाऊन सरळ पाया पडावं... पण मग पाठव का म्हणाले? भांडायचा कंटाळा? की मला ऐकू येतं का, हे बघत होते? की खरंच, मनापासून, माझं आवडलं? विचारलं तर म्हणतील, तुला काय वाटतं. तिने प्रसंग पुन्हा लावला, एकदा तसाच, एकदा सारंगी घालून, मग पुन्हा तसाच. सर चुकले असते तर किती सोपं झालं असतं! ते चुकले नव्हते. त्यांचं मोठेपण तिला इतकं स्वच्छ कधी ऐकू आलं नव्हतं, आणि तरीही तिला आपली सारंगीच हवी होती.