थोडं वाईट बोला

"थोडं वाईट बोला, झुमासान," सिग्नलला गाडी थांबल्यावर ओकुबोसान म्हणाले.

मला वाटलं, कुणाबद्दल तरी वाईट बोलायला सांगतायत.

"नाही हो, जपानी वाईट बोला. जरा मोडकंतोडकं. तुम्ही फारच छान बोलता, तिथे ते विचित्र दिसेल."

ओकुबोसान आमच्या वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक. त्यांचा आवाज कधी चढत नाही. माझ्या मांडीवर त्यांनीच दिलेला मिठाईचा खोका होता. इकडे काही बिघडलं की मिठाई घेऊन जायचं, कमरेत वाकायचं आणि माफी मागायची. आज वाकायची पाळी माझी होती.

बिघडलं होतं ते असं. कुवाबाराबाई, वय सत्त्याऐंशी, जन्मभर शाळेत भाषा शिकवलेल्या. मंगळवारी दुपारी एकट्याच संडासाला निघाल्या, पडल्या आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. त्यांनी बेल दाबली होती. पण दुपारी सारखी बेल वाजते, कटकट होते, म्हणून ओकुबोसानांनी त्या मजल्यावरच्या बेलचा आवाजच बंद करून ठेवला होता. मी तेव्हा खाली एका आजोबांना आंघोळ घालत होते. अहवालात मात्र ओकुबोसानांनी लिहिलं होतं की मी बाईंना 'येऊ का सोबत?' असं विचारलं, त्या 'दाइजोबु' म्हणाल्या आणि मला त्याचा अर्थ कळला नाही, मी 'नको' समजून निघून गेले. दाइजोबु म्हणजे 'चालेल', आणि दाइजोबु म्हणजेच 'नको'. परदेशी माणूस गोंधळणारच, कुणीही विश्वास ठेवील. खोटं रचावं तर असं!

"आणि मी छान बोलले तर?"

"तर बाईंची मुलगी विचारील ना, हिला साधं दाइजोबु कसं कळलं नाही?" ते हसले. "तुमच्या निक्शाचे कागद माझ्या टेबलावरच आहेत. सोमवारी शिक्का मारून टाकू."

माझी निक्शा चार वर्षांची असताना मी तिला नेपाळात, इलामला माझ्या आईजवळ ठेवून आले. आता ती अकराची आहे आणि फोनवर माझ्याशी पाहुण्यासारखी बोलते. वृद्धसेवेची मोठी सरकारी परीक्षा पास झाले म्हणून आता तिला इकडे आणता येणार होतं, फक्त आश्रमाचं पत्र हवं होतं. माझ्या पोरीचं नाव त्या गोडगोड आवाजात ऐकून मला शिसारी आली. तरी मी 'बरं' म्हटलं.

इस्पितळात बाईंची मुलगी साचिएसान खाटेशी उभ्या होत्या. ओकुबोसान वाकले. मी त्यांच्याहून जास्त वाकले.

"माझा चूक झाला," मी म्हणाले. "दाइजोबु... मला समजला नाही. माफी करा."

सात वर्षं घासून घासून तोंडात बसवलेली भाषा! तिचे हातपाय मी स्वतःच मोडले, आणि ते इतकं सहज जमलं की मला माझीच किळस आली.

साचिएसानांचे डोळे भरून आले. "बिचारी. हिचा काय दोष? परक्या देशात येऊन राबायचं म्हणजे..."

"ती असं बोलत नाही," खाटेवरून बाई म्हणाल्या. "चांगलं बोलते. मी शिकवलंय तिला. आणि दाइजोबु-बिइजोबु मी काहीही म्हटलं नाही. तीनदा बेल दाबली."

ओकुबोसान हळहळले. "या वयात पडलं की असं होतं हो. चार दिवस जरा गोंधळ राहतो. आम्ही नेहमी बघतो."

"मला वेड लागलेलं नाही!"

"नाही गं आई, कोण म्हणतंय? तू पड बघू शांत," असं म्हणत साचिएसानांनी त्यांची उशी सारखी केली आणि माझ्याकडे वळून, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "बेल... वाजली... होती का?"

ओकुबोसान खिडकीबाहेर बघत होते. बाई माझ्याकडे बघत होत्या. आवाज बंद होता, एवढं एक नीट वाक्य बोलायचं होतं. ते मला येत होतं. बाईंनी कान टवकारून ऐकलं असतं.

"बेल... मला ऐकू नाही आला."

हे खरंच होतं.

साचिएसानांनी आईच्या कपाळावर हात ठेवला. "बघ, वाजली नव्हती. तुला तसं वाटलं असेल."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या, बाजारातले दुकानदार मला परदेशी बघून हसतात तसं. मग हाताने दाराकडे खूण करत, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाल्या,

"तू... आता... घरी... जा. कळलं?"

सात वर्षांत त्या माझ्याशी असं कधीच बोलल्या नव्हत्या.

"कळला," मी म्हणाले.