ती वर असताना

"मी वर असली की फोन करत नको जाऊ, आई. उतरली की मीच करीन. तोवर तू आपलं काम करत जा."

वर्षाराणीनं हे नागपूरच्या विमानतळावर, पासपोर्ट छातीशी धरून सांगितलं होतं. मी मान हलवली. पण रिठदला परतून कुलूप काढलं, आणि घरात करण्यासारखं फारसं काम उरलेलंच नाही हे पहिल्याच दुपारी कळलं. ह्यांची नोकरी वीज खात्यात, बदली गडचिरोलीकडे. पंधरा दिवसांतून एकदा घरी येतात. शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं. भांडी एका ताटाची. झाडलोट केली तरी केर निघत नव्हता, कारण केर करणारं कोणी नव्हतं.

बारावीपासून पोरीच्या डोक्यात विमानच. लेखी परीक्षा तिनं इथंच दिल्या, उडायला शिकायला मात्र दक्षिण आफ्रिकेत गेली. कमर्शियल पायलटच्या लायसनला दोनशे तास उडावं लागतं. तिथं आकाश मोकळं, तास लवकर भरतात म्हणे. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. ती सकाळी विमानात बसायची, तेव्हा आपल्याकडे दहा-साडेदहा वाजलेले असायचे.

पहिल्याच आठवड्यात मी तुळशीला पाणी घालून देवापुढे बसले, तळव्यावर पाणी घेतलं आणि ताम्हणात सोडून संकल्प केला. ज्या दिवशी पोर उडेल, त्या दिवशी ती उतरल्याचा निरोप येईपर्यंत तोंडात अन्न नाही, पाणी नाही. लायसन तिच्या हाती पडेपर्यंत हे चालेल.

कोणाला सांगितलं नाही. व्रत सांगत फिरायचं नसतं. दुपारी ह्यांचा फोन यायचा, "जेवली काय?" मी म्हणायचे, "होईल आता." खोटं बोलत नव्हते, कधी होईल तेवढं सांगत नव्हते.

साडेदहाला तिचा मेसेज यायचा, "निघाली." मी देवघराच्या दाराशी माळ घेऊन बसायचे. खिडकीतला उन्हाचा पट्टा फरशीवरून कोठीकडे सरकायचा. गल्लीतून भांडेवाली ओरडत जायची, मग तेही थांबायचं. घशाला कोरड पडली की वाटायचं, आता ती वळली असेल. पोटात भूक खवळली की वाटायचं, आता ढग आला असेल. मग फोन वाजायचा, "उतरली." तिथंच बसून मी तांब्याभर पाणी प्यायचे. नुसत्या पाण्याला एवढी चव असते, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

उन्हं तापायला लागली तेव्हाची गोष्ट. आमची पुतणसून राखी शेजारीच राहते. ती विरजण मागायला आली, तर मी अंगणात टाकीला टेकून बसलेली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

"काकू! काय झालं वं? पानी आनू काय?"

मी मानेनंच नको म्हटलं.

"नको काय? ओठ पाहा तुमचे!" तिनं गिलास तोंडाला लावला, मी तोंड फिरवलं. मग तिला संशय आला. "एकादस तं परवाच झाली. आज कायचा उपास?"

सांगावं लागलं. राखी कपाळाला हात लावून खालीच बसली.

"म्हंजे ते तिकडं नाश्ता करून उडून राह्यली, अन् तुमी इकडं उपाशी उडून राह्यल्या! काकू, तिच्यापरीस तुमचेच तास जास्त भरले असतीन. लायसन आधी तुमालेच देतीन पाहा."

मला हसू आलं. तेवढ्यात फोन वाजला, "उतरली." राखीच्या हातातला गिलास मी एका दमात संपवला.

"कोनाले सांगू नको, माय."

"नाई सांगत," राखी म्हणाली, आणि संध्याकाळच्या आत वर्षाराणीला सगळं कळवून मोकळी झाली.

"आई, हे काय लावलं तू?" पोरीचा फोन. "बीपीची गोळी घेतं का नाई?"

"रात्री घेतो ना."

"बंद कर हे."

"बघू."

"तू बघू म्हनली म्हंजे नाई करत. माहीत हाय मले."

तिनं फोन ठेवला. पण त्या दिवसापासून तिचा निरोप लवकर यायला लागला. आधी उतरल्यावर अर्ध्या तासानं यायचा, विमान जागेवर लावून, कागद भरून. आता मिनिटात यायचा. कधी नुसता आवाज पाठवायची, मागं इंजिन अजून घरघरत असायचं. मला बरं वाटायचं. पोरगी आईचा जीव जाणायला लागली, असं मनात म्हणायचे. तिथंच माझं चुकलं.

मग तिचं एकटीनं लांब जायचं उड्डाण आलं. दोन गावांना उतरायचं आणि परत यायचं, सोबत कोणी नाही. सकाळी लिहिलं होतं, "तुझे तीन वाजतील." तीनला मेसेज आला, "दुसऱ्या गावी हाय. इंधन भरायले उशीर होऊन राह्यला. आई, तू खाऊन घे." मी उत्तर लिहिलं, "तू ये." दोनच शब्द. मला वाटलं, मायेचे आहेत.

चार झाले, पाच झाले. माळेचे मणी बोटांखालून जात होते, पण मोजणी चुकत होती. पावणेसहाला आलं, "उतरली." मी पाणी प्याले. त्या दिवशी तिचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. होस्टेलच्या खाटेवर बसली होती, केस विंचरलेले नव्हते.

"आई, मले एकटीले उडवनं बंद केलं."

"काहून?"

"येताना समोर काळं ढग होतं. असं असलं की बाजूच्या छोट्या धावपट्टीवर उतरायचं, ढग जाईपर्यंत बसून राह्यचं. पार दुसऱ्या दिवसापर्यंत बसलं तरी चालते. तेच शिकवलं हाय आमाले. मले ते धावपट्टी दिसून राह्यली होती, आई."

"मग?"

"तिथं फोनले रेंज नाई." तिनं मनगट दाखवलं. "मी घड्याळ पाह्यलं. इथं उतरली तं तुले निरोप नाई भेटत. तू तशीच बसून राहशील. मंग मी ढगाखालून विमान काढलं. पावसात समोरचं काईच दिसे ना. वाऱ्यानं दोनदा असं फेकलं, का डोकं वरच्या पत्र्याले लागलं."

ती जिथं डोकं आपटून घेत होती, तिथं तिला मीच नेलं होतं. देवघराच्या दारात बसून.

"शिकवनाऱ्या बाईनं इचारलं, त्या वक्ताले तुझ्या मनात काय होतं? मी खरं सांगितलं. माझी आई सकाळपासून पान्याबिगर बसली हाय."

"हसल्या असतीन."

"नाई हसल्या. म्हनल्या, घरी कोनी उपाशी बसलं असलं का पायलट घाई करते. घाई करनारीले मी एकटीले सोडत नाई. म्हनल्या, आईले इचार. तिनं शब्द देला, तं बुधवारी परत पाठवतो. नाई तं सामान बांध." तिनं फोन तोंडाजवळ घेतला. "मी वर असताना तू जेवशील. उतरल्यावर नाई, वर असताना. पोटभर. देतं का शब्द?"

मी संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला.

मारुतीच्या देवळात गेले. गुरव ओसरीवर झोपले होते. उठवावंसं वाटलं, पण काय विचारणार? घेतलेलं व्रत मध्येच टाकलं तर दोष कोणाला लागतो, हेच ना? लागू दे मला. तिला लागला तर? नमस्कार करून तशीच परत आले.

घरी देवापुढे बसले. इतके दिवस मी सांगत आले होते की हे पोरीसाठी आहे. त्या दुपारी खरं सांगावं लागलं. घर रिकामं होतं. कोणाला वाढायचं नव्हतं, कोणाला हाक मारायची नव्हती. उपास होता म्हणून ते मधले तीन-चार तास ती माझ्यापाशी असायची, माझ्या घशात, माझ्या पोटात. जेवून हात धुतले की ती तिकडं, मी इकडं, मध्ये समुद्र. ते मला नको होतं.

संध्याकाळी मी फोन लावला. "देला शब्द."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "खोटं नाई ना बोलून राह्यली?"

"कदी बोलली मी खोटं?"

"बघू म्हनतं ना तू!"

दोघी हसलो, थोडंसं.

बुधवारी पहाटे अंघोळ करून पुन्हा तळव्यावर पाणी घेतलं. देवाला म्हटलं, हे तुझं तुला परत. काही दोष राहिला असेल तर तो माझ्याकडे, तिच्याकडे नको. पाणी ताम्हणात पडलं. आवाज नेहमीसारखाच झाला.

दहा चाळीसला मेसेज आला, "निघाली."

मी गॅस पेटवला. ज्वारीचं पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या, वरणाला फोडणी दिली. भिंतीपलीकडून राखीनं हाक मारली, "काकू, येऊ काय जेवाले संगतीनं?"

"नको वं. मी बसतो एकटीच."

पाट मांडला, ताट वाढलं. अंगणात ऊन होतं, गल्लीत कोणी नव्हतं. ती या घटकेला कुठं असेल, वळली असेल की नाही, अंगातून काहीच कळत नव्हतं. हात ताटाशी नेला आणि थांबला. वर ती होती. खाली दोन भाकऱ्या होत्या, कारण पोटभर म्हणाली होती.

मी पहिली मोडली.