पाणवठ्याच्या कवितेचा सूर

"प्रसन्नच सांग," धोंडिबा म्हणाले. "गाइडात लिहिलंय ना प्रसन्न? मग आपण कशाला डोकं लावायचं?"

मैत्रेयी साडीच्या निऱ्या घालता घालता थांबली. "बाबा, तुम्हाला खरंच प्रसन्न वाटते ती कविता?"

"मला काय वाटायचंय? मी एमआयडीसीत जन्मभर पिंपं ढकलली. आज तुझी नोकरी पक्की व्हायचीय, कवितेची नाही."

मैत्रेयी अंबरनाथला, शिवमंदिराकडच्या एका शाळेत तासिकेवर मराठी शिकवायची. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली तर हवा खा. इतक्या वर्षांनी आता एकच कायमची जागा निघाली होती. दावेदार दोघी, ती आणि तिच्याच स्टाफरूममधली शलाका. दोघींनी समितीसमोर दहावीच्या वर्गावर एकच कविता शिकवून दाखवायची होती.

कविता जुनी, दोन पिढ्यांना तोंडपाठ असलेली. सकाळचा पाणवठा, घागरी घेऊन निघालेल्या बायका, त्यांची थट्टामस्करी. आणि शेवटी कवी म्हणतो की साऱ्या गावाची तहान एकच विहीर भागवते. रसग्रहणाचं उत्तर ठरलेलं होतं. मध्यवर्ती कल्पना गावाचा एकोपा, सूर प्रसन्न.

धोंडिबांची आई चांगुणा अशाच एका विहिरीपासून लांब, पुढ्यात घागर ठेवून उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. नाही आली तर ऊन डोक्यावर येईस्तोवर उभंच. मैत्रेयीने हे मागे एकदा डबा खाताना शलाकाला सांगितलं होतं. शलाकाचा घास हातातच राहिला होता. तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी खोटं नव्हतं, हे मैत्रेयी आजही मान्य करेल.

"आजीचं सांगितलं तर?" तिने चपला घालताना विचारलं.

"सांग की. मग म्हणतील, आली ही आपलं रडगाणं घेऊन."

धोंडिबांचं म्हणणं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

मैत्रेयीने प्रसन्न शिकवलं. घागरींचा नाद, अनुप्रास, फळ्यावर सुबक अक्षरात 'एकोपा'. पाठ संपल्यावर तज्ज्ञ म्हणून आलेल्या प्राध्यापकबाईंनी विचारलं, "या कवितेला दुसरी बाजू असू शकते का हो?"

ओठांवर आलेलं तिने गिळलं. "नाही मॅडम. कवीचा सूर स्पष्ट आहे."

संस्थेचे अध्यक्ष दौलतराव, बदलापूरचे जुने जमीनवाले, त्यांनी समाधानाने मान डोलावली. मैत्रेयी मागच्या बाकावर जाऊन बसली आणि शलाका उभी राहिली.

शलाकाने कविता वाचली, पुस्तक मिटलं आणि मुलांना विचारलं, "या विहिरीवर कोण दिसत नाहीये?"

मग तिने एक बाई उभी केली. लांब, पुढ्यात घागर ठेवून. दया आली तर वरून पाणी, नाही आली तर ऊन डोक्यावर येईस्तोवर. शब्दसुद्धा तेच. फक्त त्या बाईला नाव नव्हतं.

"सूर प्रसन्न आहे, मान्य," शलाका म्हणाली, "पण कवी कुठे उभा राहून बघतोय, हे विचारायला नको?"

प्राध्यापकबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. दौलतरावसुद्धा म्हणाले, "डेअरिंग लागते असं बोलायला." मैत्रेयीच्या तोंडून जी तक्रार ठरली असती, ती शलाकाच्या तोंडून अभ्यास ठरली. जागा कुणाला, हे सांगायला समितीला चहा संपण्याइतकाही वेळ लागला नाही. निघताना प्राध्यापकबाईंनी मैत्रेयीच्या खांद्यावर हात ठेवला. "निदान तुमच्याकडून तरी वेगळी अपेक्षा होती हो."

शलाकाने तिला गेटवर गाठलं. "तू बोलशील असं वाटलं होतं गं. तू नाही बोललीस, म्हणून मग... कुणीतरी बोलायला हवंच होतं ना? रागावलीस?"

"नाही. छान घेतलास पाठ."

तिला शलाकाच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. आणि पाठ खरोखरच छान झाला होता, याचा त्याहून जास्त संताप येत होता.

संध्याकाळी धोंडिबांनी जेवायला बसल्यावरच विषय काढला. चेहऱ्यावरून त्यांना कळलंच असणार.

"त्या शलाकाला दिली?"

"हो."

त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली. मग हळूच म्हणाले, "आजीचं काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस," धोंडिबा म्हणाले. त्यांचा जीव खरोखरच हलका झाला होता. "बोलली असतीस, तर जन्मभर वाटत राहिलं असतं, त्याच्यामुळेच जागा गेली."

"हो बाबा," मैत्रेयी म्हणाली, आणि तिने त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.