टॅबिथाचे हात

इंग्लंडमधल्या वेस्टमोरलँडच्या डोंगरातल्या त्या क्वेकर पंथाच्या वस्तीत पाद्री नव्हता. प्रत्येकाच्या अंतरात देवाचा उजेड असतो, शांत बसलं की तो वाट दाखवतो, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. त्या उजेडापुढे सगळे सारखे, म्हणून लहानथोर सगळे एकमेकांना अरेतुरेच करत.

टॅबिथाची मुलगी मर्सी तापाने गेली, त्याला आता काही वर्षं झाली होती. तेव्हापासून टॅबिथा दर रविवारी मौन प्रार्थनेच्या सभेत डोळे मिटून बसे, पण आत नुसता काळोख. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या वसंतात जोसाया चांभाराची बायको बाळंतपणात गेली. तान्ही मुलगी या घरातून त्या घरात दूध पीत फिरू लागली. शेवटी जोसायाने टॅबिथाला विचारलं, "तू सांभाळशील तिला?"

 उत्तर शोधायला टॅबिथाने वस्तीच्या रीतीप्रमाणे तिघा शेजाऱ्यांना घरी बोलावलं. अशा बैठकीत कुणी सल्ला द्यायचा नसतो, फक्त प्रश्न विचारायचे.

चुलीत पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, धुमसत होतं. 

"तुला भीती कसली वाटते?" तिघांपैकी एमसने विचारलं.

"हीही जाईल, याची."

 मग टॅबिथाच पुढे म्हणाली, "जोसाया चुकीच्या दारी आला. माझ्या आत उजेडबिजेड काही उरला नाही. मर्सीबरोबरच गेला तो."

"ते कुणी विचारलंच नाही," म्हातारी डॉर्कस म्हणाली. "रविवारी जोसायाने पोर तुझ्यापुढे धरलं, तेव्हा तू हात ॲप्रनखाली का लपवलेस?"

टॅबिथाने ॲप्रनची कड चुरगळली. "तुझं लक्ष बरं असतं गं सभेत."

"वय झालंय, डोळे मिटले की झोप लागते. म्हणून उघडे ठेवते. सांग."

 "मी ठरवायच्या आतच हात पुढे गेले होते. आपले आपणच." टॅबिथा म्हणाली. "मला भीती वाटली त्यांची. मी मागे ओढले."

 टॅबिथा आपल्या हातांकडे बघत राहिली आणि रडू लागली. मर्सी गेल्यावर ती अशी रडलीच नव्हती. डॉर्कस नुसती जवळ सरकून बसली. रडू ओसरलं तेव्हा टॅबिथाला आत फार स्वच्छ वाटलं. भीती होती तिथेच होती, पण तिच्यापलीकडचं आता दिसत होतं.

तिने शाल घेतली आणि उतार उतरून जोसायाच्या दुकानात गेली. तो लाकडी तळव्याला चामडं ठोकत होता. टॅबिथाला पाहून त्याने हातोडी खाली ठेवली.

"दे तिला," ती म्हणाली.

मुलगी हातात येताच कळवळून रडायला लागली. जोसाया ओशाळला. "भूक लागली असेल."

"रडू दे. शेळी व्यालीय माझी." टॅबिथाने तिला शालीत गुंडाळलं. "आणि तू रोज संध्याकाळी जेवायला येत जा. पोरीला बापाचा आवाज ओळखीचा व्हायला हवा."