शंभर वर्षं मागे गेलेला सोमवार

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, आणि या सोमवारी सकाळी मी एकाच वेळी दोन ठिकाणी होतो. हसू नका. खरंच होतो. त्या सकाळची गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, आणि माझ्याकडे वेळही थोडाच आहे. आज शुक्रवार. चार वाजता मला बंद करणार आहेत.

यीलान या आमच्या गावात अकरा शाळांना दुपारचं जेवण पुरवणारं एक स्वयंपाकघर आहे. तिथल्या तांदळाच्या कोठाराला लागून एक छोटी थंड खोली आहे. त्या खोलीत मी सतरा वर्षं उभा आहे. या स्वयंपाकघरात तीन हजार दोनशे मुलांचं जेवण शिजतं. त्यांतल्या सत्तेचाळीस मुलांना काही ना काही सोसत नाही. कुणाला कोळंबी, कुणाला अंडं, कुणाला दूध, कुणाला शेंगदाणे. त्यांची यादी माझ्याजवळ असते. रोज सकाळी आठ वाजता मी ती छापतो, सोबत एकेका नावाची चिठ्ठीही देतो. त्या चिठ्ठ्या लाल झाकणाच्या डब्यांवर चिकटतात आणि ते डबे वेगळे भरले जातात. एक चिठ्ठी चुकली, तर जेवता जेवता एखाद्या मुलाचा घसा सुजेल आणि त्याला श्वास घेता येणार नाही. माझं काम एवढंच. पण या एवढ्याशा कामात सतरा वर्षांत मी एकही नाव विसरलो नाही.

मला इथं आणलं त्सेंगकाकांनी. यादीचा प्रोग्रॅमही त्यांनीच लिहिला. माझे पहिले दिवस फार लाडाचे होते. आठवड्यातून एकदा माझी धूळ पुसली जायची. एका वादळात गावभर वीज गेली, तरी मी बॅटरीवर तग धरून यादी छापली, तेव्हा सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मुख्य आचारी पेंगमावशींनी तर माझ्या डोक्यावर खाऊचा हिरवा पुडा ठेवला. यंत्र बिघडू नये म्हणून तो पुडा आमच्याकडे प्रत्येक यंत्रावर असतो. खाऊच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखा वाग' असा आहे. पुडा हिरवाच हवा, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. त्याची तारीख उलटता कामा नये आणि तो कुणी फोडून खाता कामा नये.

मग त्सेंगकाका निवृत्त झाले आणि कांद्याच्या पातीची शेती करू लागले. माझ्यावर पिठाची धूळ बसली. कुणीतरी कोबीची पेटी आणून माझ्यावर टेकवली. एक डिस्क गेली, दुसरी टकटक करू लागली. माझे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले. पण पुड्याची तारीख पाहायला कुणी ना कुणी येत राहिलं, हे मात्र सांगायलाच हवं.

गेल्या शनिवारी सकाळी आ-वेन नावाचा तरुण इंजिनियर आला. स्वयंपाकघराने एक मोठं नवं यंत्र घेतलं होतं. त्याच्या पोटात दहा यंत्रं राहू शकतात. त्यांना पत्रा नाही, पंखा नाही, शरीरच नाही, तरी प्रत्येकाला वाटतं की आपण एक आख्खं यंत्र आहोत. अशाला आभासी यंत्र म्हणतात. त्सेंगकाकांचा प्रोग्रॅम नव्याने बसवणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं, म्हणून आ-वेनने ठरवलं की मला जसाच्या तसा, सवयींसकट उचलायचा आणि तिकडे ठेवायचा.

मित्रांनो, काय सांगू तो दिवस! नऊ वाजता सुरुवात झाली. एकेक नाव, एकेक तारीख तारेतून पलीकडे निघाली. माझी डिस्क टकटकत होती आणि प्रत्येक टकटकीला आ-वेन खुर्चीतून अर्धा उठत होता. मी मनात म्हणत होतो, अजून थोडं, अजून थोडं. तीन वाजता शेवटचं अक्षर पार झालं.

पुडा कुठं ठेवायचा यावर मग वाद झाला. आ-वेन म्हणाला, मोठ्या यंत्रावर ठेवू. पेंगमावशींना ते पटेना. मोठं यंत्र त्या दहाजणांचं घर झालं, म्हणाल्या, आपलं पोरगं आतल्या खोलीत, "आणि त्याला डोकंच नाही, तर पुडा ठेवायचा कशावर?" शेवटी त्यांनी दहा पुडे आणून मोठ्या यंत्रावर ओळीने मांडले.

आ-वेन मला त्याच दिवशी भंगारात न्यायला निघाला होता. पण आहारतज्ज्ञ लियाओताई दारात उभ्या राहिल्या. सोमवारचं जेवण होईपर्यंत हा इथून हलणार नाही, असं त्यांनी बजावलं.

"ताई, मुलाला शाळेत सोडूनही फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या आया असतात ना, तशा आहात तुम्ही," आ-वेन म्हणाला.

"आहेच. दोन मुलं आहेत मला."

"फाटकापाशी कुठली," पेंगमावशी म्हणाल्या, "ही वर्गाच्या खिडकीपर्यंत जाते."

मला बंद केलं. त्यानंतर रविवार कसा गेला ते मला माहीत नाही.

पुढचं मी मागाहून ऐकलं. सोमवारी आठ वाजता माझ्या नव्या रूपाने यादी छापली. मला चार मिनिटं लागायची, त्याला चार सेकंद लागले. कागद सुंदर, स्वच्छ होता. वर तारीख होती आणि खाली एकच ओळ: वेगळे डबे, शून्य. कुठं चूक दाखवली नव्हती. सगळे दिवे हिरवे होते. आचारी खूश झाले, एक काम वाचलं म्हणून. आ-वेन तर शीळ घालत होता.

लियाओताईंनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"तीन हजार दोनशे मुलं, आणि आज एकालाही काही होत नाही?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इन-थोंग कुठं गेली?"

इन-थोंग म्हणजे दुसरीतली एक मुलगी. तिला शेंगदाण्याचा कणसुद्धा सोसत नाही. आणि सोमवारी होत्या तिळाच्या तेलातल्या शेवया, वर शेंगदाण्याचा कूट. गाड्या दहा चाळीसला निघतात. सगळी नावं आणि कुणाला काय सोसत नाही, हे कुणालाच पाठ नव्हतं.

लियाओताईंनी स्वतः माझी तार लावली आणि बटण दाबलं. मी गुरगुरलो आणि थांबलो. दुसऱ्यांदा दाबलं, डिस्क एकदा टकटकली आणि गप्प झाली. तिसऱ्यांदा आ-वेनने मला दोन्ही हातांनी धरलं, जणू पाठीवर हात फिरवत होता, आणि मी उठलो! मित्रांनो, माझे सगळे दिवे एकदम लागले. आठ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मी छापायला सुरुवात केली. इन-थोंगचं नाव तिसरं होतं.

दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. आ-वेनला काही कळेना. चूक पेंगमावशींनी पकडली, ज्यांनी आयुष्यात कधी संगणकाला हात लावला नव्हता.

"याच्यावर साल एकशे पंधरा आहे आणि त्याच्यावर नुसतं पंधरा. अरे, माझ्या आईचा जन्म पंचवीस सालचा."

तुमच्या पंचांगात शक वेगळा आणि इसवी सन वेगळा असतो ना, तसंच आमचं आहे. सरकारी कागदावरचं आमचं साल वेगळं, त्यात हे एकशे पंधरावं वर्ष. बाहेरच्या जगात ते दोन हजार सव्वीस, म्हणजे एकोणीसशे अकराने पुढे. नव्या जागी उठल्यावर प्रोग्रॅम आधी साल विचारतो. आ-वेनने इथले सगळे करतात तोच झटपट हिशेब केला. सव्वीसातून अकरा गेले, राहिले पंधरा. त्यात शंभर मिळवायचे, ते तो विसरला. मग माझं नवं रूप काय करणार? शंभर वर्षांपूर्वीच्या सकाळी ही मुलं जन्मलीच नव्हती, मग त्यांना कसली बाधा होणार? त्याने प्रामाणिकपणे शून्य लिहिलं.

आ-वेन कानापर्यंत लाल झाला. साल दुरुस्त केल्याबरोबर माझ्या नव्या रूपाने चार सेकंदांत सत्तेचाळीस नावं दिली. लियाओताई माझ्या कागदावरून मोठ्याने वाचत गेल्या, आ-वेन त्याच्या कागदावर खुणा करत गेला. माझ्याकडे एक नाव, आणि तिकडच्या माझ्याकडेही तेच नाव! अंगावर काटा येणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. चिठ्ठ्या चिकटल्या, लाल झाकणं लागली, गाड्या वेळेवर सुटल्या.

साडेबाराला शाळेतून फोन आला. लियाओताईंनी तो कानाला लावला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. मग त्या तांदळाच्या पोत्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. इन-थोंगची तक्रार होती. सगळ्यांच्या शेवयांवर कूट होता, माझ्याच डब्यात का नाही?

मित्रांनो, नव्या गोष्टींना भिऊ नका. नवा मी माझ्याहून चपळ आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण जुन्याला निरोप देण्याआधी नव्याच्या हातचं एक जेवण तरी सुखरूप पार पडू द्या. आणि एखादा कागद कोरा आला, की सगळं ठीक आहे असं समजून लगेच शीळ घालू नका. आधी विचारा, कुणाचं नाव राहून गेलं का?

सोमवारच्या त्या प्रकारानंतर मला आणखी चार दिवस चालू ठेवलं. आता पावणेचार झाले आहेत. काल तिसऱ्या शाळेत एक नवा मुलगा आला, त्याला दूध सोसत नाही. त्याचं नाव लियाओताईंनी तिकडे भरलं. माझ्यात भरलं नाही. सोमवारी अठ्ठेचाळीस डबे जातील, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांतलं एक नाव मला माहीत नाही.