पातळ तारा

अर्धांगाच्या झटक्यानंतर माझ्या धाकट्या भावाने गिटारला हात लावला नव्हता. डावा हात बराच सुधारला होता, शर्टाची बटणं लागत होती. पण तार फळीवर दाबून धरण्याइतका जोर बोटांत येईना. आणि हा पहिल्यापासून हट्टी. "आज एकदा बघतो, ताई. नाही जमलं तर ती कुणालाही देऊन टाक, आणि पुन्हा विषय काढू नकोस," असं त्याने जेवता जेवता सांगून टाकलं. गिटारशिवाय या माणसाला दुसरं काही येत नाही, चहासुद्धा धड जमत नाही.

मी तडक वाद्यांचं दुकान गाठलं. "सगळ्यात पातळ तारा द्या. लहान मुलीलाही दाबता येतील अशा." दुकानदार काहीबाही विचारत होता, पण मला धीर कुठला! पाकीट उचललं आणि निघाले.

जुन्या जाड तारा काढून आम्ही या चढवल्या. खुंट्या मी पिळल्या, सूर त्याने लावले. मग त्याने बोट टेकवलं आणि तार छेडली. खर्रर्र. दुसरं बोट. खर्रर्र. दातओठ खाऊन दाबलं, बोटाचं टोक पांढरंफटक पडलं, तरी तीच खरखर.

"बोटं मेली माझी," तो म्हणाला आणि गिटार बाजूला ठेवली.

स्वयंपाकघरात जाऊन मी दुकानदाराला फोनवर चांगलं फैलावर घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "आधी जाड तारा होत्या ना? पातळ तारांची ओढ कमी. गिटारची मान मागे जाते, तार फळीवरच्या धातूच्या पट्ट्यांना घासते. कुणीही दाबली तरी खरखरणारच. घेऊन या, मानेतला स्क्रू फिरवून देतो."

मी धावत जाऊन हे धाकट्याला सांगितलं.

"समजूत काढू नकोस, ताई. कुक्कुलं बाळ आहे का मी?"

मी ओरडले, हात जोडले, रडलेसुद्धा. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आता हा कायमचा हातचा गेला, असंच वाटलं मला.

शेवटी गिटार मीच मांडीवर घेतली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्याने दाबली होती तिथेच माझ्या धडधाकट बोटाने जीव खाऊन तार दाबली आणि छेडली.

खर्रर्र.

तो वळला नाही. "पुढच्या पट्टीपाशी दाब."

खर्रर्र.

"आणखी जोरात."

खर्रर्र.

तो उठून बसला. माझं बोट त्याने वाकून नीट पाहिलं, त्यावर आपलं बोट ठेवून दाबलं आणि स्वतः तार छेडली. तशीच खरखर. त्याचे डोळे भरून आले.

"ताई, दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं गं?"